दोन गिरण्या

१८५४ च्या एप्रिल ते ऑगस्टमध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात चार्ल्स डिकन्सची 'हार्ड टाइम्स' ही कादंबरी क्रमशः छापून येत होती. कोकटाउन नावाचं धुराने काळवंडलेलं गिरण्यांचं गाव, आकडेमोडीपलीकडे काही न दिसणारे तिथले मोठे लोक आणि त्या आकड्यांखाली चेंगरणारे मजूर. त्याच वर्षीच्या जुलैत मुंबईत कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने 'बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' काढली. तिची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली.

या योगायोगात एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये तोवर गिरणीवर बरंच लिहून झालं होतं. एंगल्सचं मँचेस्टरच्या मजुरांवरचं पुस्तक १८४५ चं, एलिझाबेथ गॅस्केलची 'मेरी बार्टन' १८४८ ची. म्हणजे गिरणी काय करते हे तिकडे कादंबरीत वाचायला मिळत होतं, तेव्हा इकडे पहिली गिरणी उभी राहत होती. आणि मराठीत? गिरणी कामगाराला मध्यभागी ठेवणारी सुरुवातीची मोठी कादंबरी म्हणून मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'चं नाव घेतलं जातं. ती आली १९३० च्या दशकात. मधे पाऊणशे वर्षं गेली.

ज्या शहरात मराठी माणसाचं जगणं गिरणीने मुळापासून बदललं, त्या शहराच्या भाषेत गिरणी इतक्या उशिरा का लिहिली गेली? या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर असं: आपले लेखक पांढरपेशे, त्यांना कामगार दिसलाच नाही. हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं शोधताना मला वाटायला लागलं की गिरणीचं साहित्य मराठीत होतं, वेळेवर होतं आणि भरपूर होतं. ते छापलं गेलं नव्हतं, एवढंच. ते गिरणगावात नव्हतं. गिरणगावापासून दोन-तीनशे किलोमीटर लांब, पहाटेच्या अंधारात, जात्यापाशी बसलं होतं.

तिथवर पोचण्याआधी गिरणी आली कशी, ते पाहू.

पैसा कुठून आला, माणसं कुठून आली

मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट शाळेत आपण 'देशी उद्योगाची पहाट' म्हणून शिकतो. दावरांसारखे धाडसी लोक, त्यांची दूरदृष्टी वगैरे. गोष्ट खोटी नाही, पण ती भांडवलापासून सुरू केली की वेगळी दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या व्यापाऱ्यांनी पैसा केला तो मुख्यतः चीनशी होणाऱ्या अफू आणि कापसाच्या व्यापारात. पुढे या व्यापाराच्या नाड्या इंग्रज कंपन्यांच्या हातात जाऊ लागल्या. बोटी त्यांच्या, बँका त्यांच्या, विमा त्यांचा. देशी व्यापाऱ्याला हात-पाय पसरायला दुसरी जागा हवी होती. कापूस दारात होता, सूत विकत घेणारा चीन ओळखीचा होता. गिरणी हा साहसाइतकाच सावधपणाचाही निर्णय होता.

मग योग जुळत गेले. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती घाट चढून कापसाच्या मुलखात पोचली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकशरला तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. शेअरचं वेड लागलं, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. पण पैशाची चव आणि धक्का, दोन्ही शहराच्या लक्षात राहिले. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. शतक संपता संपता मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या.

या 'स्वदेशी' गिरण्यांतली यंत्रं मात्र ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या इंग्रजी कारखान्यांतून येत होती आणि सुरुवातीला ती चालवायला शिकवणारेही लँकशरचेच होते. लँकशर एका हाताने यंत्रं विकत होतं आणि दुसऱ्या हाताने त्या यंत्रांवर निघणाऱ्या मालाला अडवत होतं. १८९६ मध्ये इथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला तो लँकशरच्या समाधानासाठी. तो हटायला १९२५ उजाडलं.

हे झालं पैशाचं. माणसांचं काय? इंग्लंडच्या गोष्टीत शेतकरी जमिनीवरून हुसकला जातो, शहरात येतो आणि परतीचा रस्ता बंद होतो. मुंबईत तसं झालं नाही आणि सगळा फरक इथेच आहे. इथे येणाऱ्यांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरीचा. तुकड्या-तुकड्यांची जमीन, त्यावर खोताचा हक्क, पावसावरची भातशेती. वर्षाचे चार-सहा महिने पुरेल एवढंच पिकायचं. घाटावर सावकाराचं कर्ज आणि १८७६ ते ७८ चा दुष्काळ. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ मध्ये, या दुष्काळाच्या मागोमाग. विलायती मालाने कारागीर कसे उघड्यावर पडले आणि शेतकरी कसा नागवला गेला, हे त्यात आहे. गिरणीचा शब्दही न काढता गिरणीला माणसं का मिळाली हे सांगणारं हे पुस्तक. माझ्या मते औद्योगिकीकरणाच्या मराठी वाचनयादीत पहिलं नाव त्याचंच हवं.

शेत पोट भरत नव्हतं, पण शेत सुटलंही नाही. पुरुष मुंबईला गेला. बाई, म्हातारी आणि पोरं गावात राहिली. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत राहणाऱ्या पाचांपैकी चार जण मुंबईबाहेर जन्मलेले होते आणि हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. निम्मं शहर घर मागे ठेवून आलं होतं.

भोंग्याच्या आत

सुरुवातीच्या गिरणीचं घड्याळ सूर्य होता. उजाडलं की साचे सुरू, अंधारलं की बंद. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. गिरण्यांत वीज आली तेव्हा मालकांना रात्र सापडली आणि दिवस आणखी लांबला. प्रौढ पुरुषाचे तास बारावर आणणारा कायदा १९११ चा. त्याआधीच्या १८८१ च्या पहिल्या कायद्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला मनाई होती. याचा सरळ अर्थ असा की सात वर्षांचं मूल चालत होतं, दिवसाला नऊ तास.

या कायद्यावरून मराठी बुद्धिजीवींची जी भूमिका झाली, ती आपल्या मूळ प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. कायद्यासाठी लँकशरचे मालक जोर लावत होते. मुलांच्या कळवळ्यापेक्षा मुंबईचं सूत महाग व्हावं ही इच्छा त्यामागे होती. त्यामुळे राष्ट्रीय बाण्याच्या वृत्तपत्रांनी, 'केसरी'नेसुद्धा, या कायद्यांना विरोध केला. त्यांचा संशय बरोबर होता. पण त्या बरोबर संशयाखाली सात वर्षांचं मूल झाकलं गेलं.

ते मूल ज्यांना दिसलं ते नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, फुल्यांचे सहकारी, काही काळ गिरणीत भांडारपाल आणि 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय होत्या? रविवारची सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. अपघात झाला तर भरपाई. आज ही यादी वाचताना वाटतं, एवढंच? आणि मग वाटतं, म्हणजे यातलं काहीच नव्हतं. रविवार मिळाला १८९० च्या जूनमध्ये. तुमच्या फोनच्या कॅलेंडरवर जो वार वेगळ्या रंगात दिसतो, त्यामागे ही सहा वर्षं आहेत.

गिरणीच्या आत जातही होती, आणि ती कामाच्या पद्धतीत विणलेली होती. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातून ओढून घ्यायला लागायचा आणि विणकर तो तोंडाने ओढून घेत. लँकशरमध्येही असंच करत. तिथे तो आरोग्याचा प्रश्न झाला. मुंबईत तो विटाळाचा झाला. दलित कामगाराच्या तोंडाला लागलेला धोटा आपण कसा लावायचा, या कारणावरून विणकाम खात्याचं दार त्यांना बंद राहिलं. आणि विणकाम खात्यातला पगार सूतकताईपेक्षा जास्त होता. यंत्र आलं की जात विरघळेल असं मानणाऱ्या सगळ्यांना ही एक कांडी उत्तर देते. जातीने यंत्रातलं नेमकं ते भोक शोधून काढलं जिथून ती आत शिरू शकत होती. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. वर्गाची एकजूट हवी असेल तर आधी या दाराचं काय ते बोला, असा तो प्रश्न होता.

शिवाय जॉबर होता. कामावर कोणाला घ्यायचं, कोणाला बदलीवर ठेवायचं, कोणाला उद्या या म्हणून परत पाठवायचं, हे तो ठरवायचा. बायकांच्या खात्यांत तेच काम नायकीण करायची. जॉबर बहुधा गाववाला, कधी नातेवाईक. त्यामुळे माणूस मुंबईत उतरायचा तो शहरात नव्हे, आपल्याच गावाच्या एका खोलीत. आळीपाळीने झोपायचं, पाळी बदलली की वळकटी बदलायची. कारखान्याने गाव मोडलं नाही. त्याने गावाला कामाला लावलं.

लिहिणारे कुठे बघत होते?

१८९० च्या सुमारास, म्हणजे लोखंडे रविवार मिळवत होते त्याच काळात, हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. मराठी वास्तववादाची सुरुवात आपण तिथून मानतो आणि ते योग्यच आहे. पण त्या वास्तवाचा परीघ बघा. त्यात घरातल्या बाईचा कोंडमारा आहे. यमू मुंबईला येते तेव्हा मुंबई तिच्यासाठी मोकळा श्वास आहे, नवऱ्याबरोबर पुस्तक वाचण्याची जागा आहे. त्याच मुंबईत थोड्या अंतरावर हजारो बायका रिळं भरत होत्या. गिरण्यांतल्या मजुरांत साधारण पाचात एक बाई असे. दोन मुंबया, दोन्हींत बायका, आणि एका कादंबरीत त्यांची भेट होत नाही.

हरिभाऊंना हा दोष देणं सोपं आहे आणि थोडं अन्यायाचंही. डिकन्स आणि गॅस्केल तरी कुठे गिरणीत काम करत होते? गॅस्केलबाई मँचेस्टरच्या एका धर्मोपदेशकाच्या पत्नी. पण त्यांना एक सोय होती: मालक त्यांचेच, राज्य त्यांचंच, त्यामुळे मालकावर बोट ठेवताना परक्याला मदत होईल ही भीती नव्हती. मराठी लेखकाच्या मनात गिरणी ही आधी 'आपली' होती, मँचेस्टरला दिलेलं उत्तर होती. उत्तरावर कादंबरी लिहून प्रश्न उभे करायचे म्हणजे घरभेदीपणा. माझ्या मते पाऊणशे वर्षांच्या शांततेचं हे मोठं कारण आहे. पांढरपेशेपणा त्याच्या जोडीला होताच. विलक्षण गोष्ट अशी की १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा ज्या कामगारांच्या तासांवर 'केसरी'ने वेगळी बाजू घेतली होती, तेच कामगार सहा दिवस गिरण्या बंद करून रस्त्यावर आले. त्यांनी राष्ट्राला आपलं मानलं होतं. राष्ट्राच्या साहित्यात त्यांची नोंद व्हायला आणखी वेळ होता.

कवितेत यंत्र जोरात येतं ते मर्ढेकरांच्या 'काही कविता'मध्ये, १९४७ साली. माणसाची मुंगी होणं, त्याचा उंदीर होणं हे मराठीत इतक्या धारेने आधी कोणी लिहिलं नव्हतं. पण मर्ढेकरांचं यंत्र कोणत्या कारखान्यातलं, ते चालवतं कोण, त्याला पगार किती, हे त्या कवितेला विचारता येत नाही. तिथे यंत्र हे एका युगाचं नाव आहे. पंधरा वर्षांनी, १९६२ मध्ये नारायण सुर्व्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' आला आणि यंत्राला पत्ता मिळाला. टाकून दिलेलं मूल, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून आणलेलं, त्याच आवारात वाढलेलं. त्यांच्या कवितेत कामगार हा दयेचा विषय होत नाही. तो बोलतो, वाद घालतो, उधारी मागतो. मर्ढेकर मोठे की सुर्वे, हा वाद मला कधीच उपयोगाचा वाटला नाही. एकाने यंत्राचा आवाज ऐकला, दुसऱ्याने त्या आवाजातही शेजारचा काय बोलतो ते ऐकलं. गिरणी समजून घ्यायची असेल तर दुसरा कान लागतो.

पण सुर्वेही गिरणगावाचे. परळ-लालबागचे. गोष्टीचा दुसरा अर्धा भाग जिथे घडत होता, तिथे अजून आपण पोचलेलो नाही.

मैनेचा हिशेब

तिथे पोचवणारं सर्वांत प्रसिद्ध गाणं म्हणजे अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना'. वाटेगावहून आई-वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला हा माणूस. गाण्यात मुंबईला आलेला पुरुष गावात राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचं रूप, तिचं रुसणं, निरोपाची घडी. मग मुंबईतली वणवण. आणि शेवटाकडे ती मैना बदलते, संयुक्त महाराष्ट्रातून बाहेर राहिलेला सीमाभाग होते. लावणीच्या चालीवर एका स्थलांतराचं दुःख आणि एका राज्याची मागणी एकत्र बांधणं हे फार मोठं काम आहे. अमर शेखांच्या पहाडी आवाजात ते महाराष्ट्रभर पोचलं, ते उगीच नाही.

तरीही हे गाणं ऐकताना मला दरवेळी एक प्रश्न पडतो. मैना गावात करते काय? गाण्यात ती वाट बघते. पुढे ती भूभाग होते. काम करताना ती फारशी दिसत नाही. आणि खऱ्या मैना तर श्वास घ्यायलाही न थांबता काम करत होत्या. लावणी, कोळपणी, गुरं, सासू-सासरे, पोरं, खोताची वेठ. त्यांच्या या कामाचा गिरणीच्या हिशेबाशी थेट संबंध होता. गिरणीमालक पुरुषाला पगार द्यायचा तो एका माणसाच्या मुंबईतल्या पोटापुरता, वर थोडी मनीऑर्डर. मजुराचं बालपण गावाने पोसलं होतं. तो आजारी पडला की गाव सांभाळायचं. क्षयाने खोकत परतला की गावच त्याला शेवटचं पाणी द्यायचं. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा कामगार गावाकडे पळाले. १९२८ चा संप सहा महिने चालला, तेव्हाही बरेच जण गावी जाऊन टिकले. १९८२ च्या संपात पुन्हा तेच. गाव ही या उद्योगाची विमा कंपनी होती, आणि तिचे हप्ते मैना भरत होती.

म्हणजे मैना औद्योगिकीकरणाच्या बाहेर राहिलेली नव्हती. ती त्याच्या ऐन मध्यावर होती, फक्त गिरणीच्या हजेरीपटावर नव्हती. विरहाच्या चौकटीत हा हिशेब मावत नाही. विरहात बाईकडे वेळच वेळ असतो. प्रत्यक्षात तिच्याकडे तो कधीच नव्हता. अण्णा भाऊंच्या गाण्याचं मोठेपण मान्य करूनही मला म्हणायचं आहे की आपण ते गाणं पाऊणशे वर्षं फक्त पुरुषाच्या बाजूने ऐकलं. सुर्व्यांच्या 'मनीऑर्डर' कवितेत देहविक्रय करणारी एक बाई गावी पैसे पाठवायला पोस्टाच्या खिडकीशी उभी राहते, तेव्हा पैशाची ही वाट एकदा तरी बाईच्या तोंडून ऐकू येते. आणि गिरणगावातल्या खानावळवाल्या, ज्यांनी गाववाल्यांना उधारीवर जेवू घालून संप चालू ठेवले, त्यांची संघटना व्हायला १९७५ चं अन्नपूर्णा महिला मंडळ यावं लागलं. साहित्यात त्यांना अजूनही फारशी जागा नाही.

दुसरी गिरणी

आता जात्याकडे येऊ.

जात्यावरच्या ओव्या म्हटलं की आपल्याला विठ्ठल आठवतो, माहेर आठवतं, पाठ्यपुस्तकातला 'लोकसाहित्य' नावाचा धडा आठवतो. पण हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या कितीतरी आता पारीच्या संकेतस्थळावर, गाणाऱ्या बाईच्या आवाजासकट, तुमच्या फोनवर ऐकता येतात. त्या चाळत बसलं की लक्षात येतं, यांत सीता आणि विठ्ठल आहेत तशीच आगगाडीही आहे. मुंबई आहे. परगावी कामाला गेलेला भाऊ, मुलगा, नवरा आहे. पैसा आहे, मोटार आहे, सासरचा जाच आहे.

समीक्षक म्हणून इथे जरा जपून पाऊल टाकायला हवं. ओवीला तारीख नसते. ती एका बाईने रचलेली, दुसरीने बदललेली, सुनेने सासूकडून घेतलेली असते. या ओव्या गोळा झाल्या विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. अमुक ओवी १८९० ची असं म्हणता येणार नाही. पण कादंबरीची तारीख असूनही जे कादंबरीत नाही, ते तारीख नसलेल्या ओवीत आहे: स्थलांतराकडे मागे राहिलेल्याच्या जागेवरून बघणं. कादंबरीचा निवेदक स्टेशनवर उतरणाऱ्या माणसाबरोबर शहरात शिरतो. ओवी गाणारी बाई गाडी गेल्यावर रिकाम्या रुळाकडे बघत उभी असते, आणि मग दळायला बसते. तिथे उसासा असतो, पण हात थांबत नाही. ओवीची लय ही कामाचीच लय आहे. दोन हातांनी खुंटा फिरवताना जेवढा श्वास उरतो, तेवढीच ओळ. आपण 'कामगार साहित्य' हा शब्द वापरतो तेव्हा काम करता करता, कामाच्या आवाजावर रचलेलं असं साहित्य दुसरं कोणतं आहे? गिरणीत तर साच्यांच्या खडखडाटात गाता येत नव्हतं.

आणि मग मराठी भाषा स्वतःच एक गोष्ट सांगते. मुंबईत कापड विणते ती गिरणी. गावात पीठ दळते तीही गिरणी. आपण लहानपणी दळणाचा डबा घेऊन जिथे उभे राहायचो, ती. नवऱ्याला घेऊन गेली ती एक गिरणी आणि जातं बंद पाडलं ते दुसऱ्या गिरणीने.

ही दुसरी गिरणी चांगली होती की वाईट? इथे हळवं होणं सोपं आहे. पहाटे तीनला उठून दोन-दोन पायल्या दळणाऱ्या बाईला विचारा. खांदे भरून यायचे, बाळंतीणही दळायची, आजारीही दळायची. पिठाची गिरणी आली तेव्हा तिने देवाचे आभार मानले असतील, आणि तिला तो हक्क होता. मुंबईच्या गिरणीने पुरुषाचा दिवस लांबवला. गावच्या गिरणीने बाईला पहाटेची झोप दिली. यंत्र म्हणजे शोषण, असं एका वाक्यात म्हणणाऱ्याला या दोन गिरण्या शेजारी ठेवून बोलावं लागेल. यंत्र कोणाच्या मालकीचं आहे आणि त्यातून वाचलेला वेळ कोणाच्या वाट्याला येतो, यावर सगळं ठरतं.

पण दळणं गेलं त्याबरोबर ती एक जागाही गेली, जिथे बाई एकटी किंवा जावेबरोबर बसून, घर झोपेत असताना, मनातलं मोठ्याने म्हणू शकत होती. जाचाबद्दल, नवऱ्याबद्दल, न आलेल्या मनीऑर्डरबद्दल. झोप मिळाली, आवाज गेला. त्या आवाजाला दुसरी जागा कोणी दिली नाही. छापखाना तर तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. औद्योगिकीकरणाचे सामाजिक परिणाम मोजताना आपण झोपडपट्टी, क्षय, संप हे सगळं मोजतो. हा परिणाम मोजायचा कसा?

शेवट सगळ्यांना पाठ आहे

जयंत पवारांचं 'अधांतर' १९९७ मध्ये रंगमंचावर आलं. १९८२ च्या संपानंतरचं गिरणगावातलं एक घर: बाप गेलेला, एक मुलगा लेखक व्हायच्या नादात, एक क्रिकेटमध्ये बुडालेला, एक गुंडगिरीत, आणि सगळ्यांना एका खोलीत धरून ठेवणारी आई. मराठी रंगभूमीवरच्या थोर नाटकांत मी ते धरतो. त्याचं बळ असं की त्यात गिरणी दिसत नाही, तिची फक्त पोकळी दिसते. पण 'अधांतर'नंतर एक विचित्र गोष्ट झाली. गिरणगाव म्हटलं की आपल्याला शेवटच आठवायला लागला. संप, डॉ. दत्ता सामंत, टोळ्या, मॉल. सिनेमाने त्यात रक्त ओतलं, समाजमाध्यमांनी लालबागच्या गणपतीचे जुने फोटो. गिरणीचं साहित्य म्हणजे गिरणीचं सुतक, असं समीकरण होऊन बसलं.

सुतकात एक सोय असते. मेलेल्याबद्दल वाईट बोलायचं नसतं. म्हणून त्या एकोप्याच्या आठवणींत धोट्यावरचा विटाळ येत नाही, जॉबरची मेहेरबानी येत नाही, सात वर्षांचं मूल येत नाही आणि गावातली बाई तर नाहीच नाही. शेवटावर रडणाऱ्या साहित्याने सुरुवातीचे प्रश्न हळूच माफ करून टाकले. पवारांच्या नाटकातली आई मात्र माफ करत नाही. तिच्याकडे नीट पाहिलं तर ती मैनाच आहे, गावाऐवजी चाळीत राहिलेली. घराचा विमा अजून तीच भरते आहे.

आज लोअर परळच्या काचेच्या इमारतींत पाळ्यांत काम करणाऱ्यांपैकी कोणी हे लोकलमध्ये वाचत असेल. तुमच्या कंपनीच्या पगारपत्रकात तुमचं घर येत नाही. आजारी पडलात तर कोणाकडे जाल, मूल झालं तर कोण येऊन राहील, नोकरी गेली तर चार महिने कोणाच्या घरी काढाल, या प्रश्नांची उत्तरं बहुतेकांच्या बाबतीत गावात किंवा आईच्या स्वयंपाकघरात आहेत. १८५४ पासून हा हिशेब फारसा बदललेला नाही.

म्हणून माझी शिफारस साधी आहे. 'हार्ड टाइम्स' वाचा, सुर्वे वाचा, 'अधांतर' मिळालं तर बघा. पण त्याआधी एकदा हेडफोन लावून एखादी जात्यावरची ओवी ऐका. अर्ध्या मिनिटाची असेल. तिच्यामागे जात्याची घरघर ऐकू आली, तर तो या गोष्टीतला भोंगा आहे. पहाटे तीनला वाजणारा, मुंबईच्या भोंग्याच्याही आधी.